गाडी खालून बघताना

गाडी घेणारा माणूस ती समोरून बघतो, दार उघडून बघतो, आत बसून हॉर्न वाजवून बघतो. खाली वाकून बघणारे फार थोडे. न बघणाऱ्यांच्या गाड्यांवर माझं पोट चालतं. मुरबाडला कल्याण–नगर रस्त्याला लागून माझं गॅरेज आहे. इंजिनाला मी हात लावत नाही. पाटे, शॅकल, बुश, यू-बोल्ट, क्रॉस मेंबर, चेसिसचं वेल्डिंग आणि त्यावर बसवायचा रंग, एवढंच काम. त्याआधी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये कंत्राटी कामगार होतो. थोडक्यात, लोखंड गंजू नये या खटाटोपात आयुष्याचा मोठा भाग गेला आणि लोखंड आपलं गंजतंच आहे.

मे महिना अर्धा सरला की प्रश्न सुरू होतो, ‘मिस्त्री, पाऊस तोंडावर आलाय, खालून काय मारू?’ बाजारात डब्यांना तोटा नाही. रेड ऑक्साइड, चेसिस ब्लॅक, डांबरी अंडरकोट, रबरी अंडरकोट, इपॉक्सी प्रायमर, झिंक स्प्रे, पावडर कोटिंग, जस्ताचा मुलामा, मेणाचा फवारा, आणि सगळ्यांत स्वस्त म्हणजे जळकं ऑइल. यातल्या एकाचीही मी शपथ घेत नाही. मी उलट विचारतो : गाडी काय वाहते, आणि रात्री कुठे उभी असते? पुष्कळांना हा प्रश्न टाळाटाळीचा वाटतो.

आमच्याकडे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. पण नुसत्या पावसाने चेसिस खाल्ली असं मी फारसं बघितलेलं नाही. पाणी वाहून जातं. चिखल जात नाही. लावणीच्या दिवसांत पिकअप भाताच्या बांधापर्यंत नेतात, चाकांनी उडवलेला राडा चॅनेलच्या खालच्या पट्टीवर जाऊन बसतो, पाट्याच्या हँगरच्या मागे साठतो, आणि तिथे वारा लागत नाही की ऊन. वरचा पत्रा उघडीप मिळाली की तासाभरात कोरडा होतो. चॅनेलमधला चिखल दसऱ्यापर्यंत ओला असतो. गंजायला पाणीही लागतं आणि हवाही. ओला, सच्छिद्र चिखल दोन्ही पुरवतो. म्हणून ज्या गाड्या पावसाळ्यात रोज मालशेज घाट चढतात आणि धबधब्याखालून जातात त्यांची चेसिस कित्येकदा गावातल्या गावात फिरणाऱ्या गाड्यांपेक्षा बरी निघते. घाटात ती धुतली जाते.

समुद्र लांब आहे, तेव्हा मिठाचा त्रास नाही, असंही लोक धरून चालतात. मीठ इथे टेम्पोतून येतं. मासळीच्या गाडीत बर्फ वितळतो, खारं पाणी फळ्यांच्या फटींतून नेमकं क्रॉस मेंबरवर ठिबकतं. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते, गुरांचा मोठा बाजार असतो. त्यानंतरच्या आठवड्यांत बैल वाहून आलेले टेम्पो माझ्याकडे येतात. गुरांच्या मुतात क्षारही असतात आणि अमोनियाही. कोंबडीखत वाहणाऱ्या गाडीचं तेच. मालक हौद वरून धुतो. खाली पाइप कोणी घालत नाही.

आणि टँकर. शहापूर तालुक्यात भातसा, तानसा, वैतरणा ही धरणं आहेत, त्यांचं पाणी मुंबईला जातं, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी द्यावं लागतं. ही कथा सगळ्यांना पाठ आहे; तिची एक उपकथा माझ्या रॅम्पवर दिसते. टँकरचा व्हॉल्व्ह गळतो, वरच्या झाकणातून पाणी हिंदकळतं, आणि टाकी चेसिसवर जिथे टेकते त्या खोगिराखाली ते शिरतं. बाहेर चाळीस अंश ऊन, आत कायम ओल. उष्णता आणि ओल एकत्र आली की गंज जोरात वाढतो. बाकीच्या गाड्या पावसाळ्यात गंजतात, टँकर एप्रिल-मेमध्ये. धरणाच्या पायथ्याशी पाण्याविना माणसं आणि पाण्याने सडलेलं लोखंड, दोन्ही एकाच रस्त्यावर.

कारखान्यात असताना मी जे बघितलं त्याने रंगाबद्दलच्या माझ्या बऱ्याच समजुती गेल्या. तिथे सुटे भाग साखळीला टांगून एकामागून एक टाक्यांतून जात. आधी तेल-ग्रीस काढायची टाकी, मग धुणं, मग फॉस्फेटची टाकी, पुन्हा धुणं, आणि सगळ्यांत शेवटी रंगाची. तिथे विजेच्या दाबाने रंगाचे कण लोखंडावर ओढले जातात. याला आम्ही सीईडी म्हणायचो. रंग पाण्यात मिसळलेला असतो, तो कोपऱ्यांत, भोकांत, पोकळीतही पोचतो, आणि भट्टीत साधारण १७० ते १८० अंशांवर पक्का होतो. जाडी किती? वीस मायक्रॉनच्या आसपास. डोक्यावरचा केस यापेक्षा जाड असतो. एवढ्या पातळ थराचे तुकडे मिठाच्या धुक्याच्या पेटीत ठेवत. पाच टक्के मिठाचं पाणी, ३५ अंश तापमान, आणि पाचशे-हजार तासांच्या परीक्षा. तुकड्यावर मुद्दाम चरा मारलेला असे; गंज त्या चऱ्यापासून किती सरकला ते मोजायचं. त्याच पेटीत कधी बाहेरून रंगवून आणलेला, बोटाला जाडसर लागणारा तुकडा जाई आणि आठवड्यात त्यावर फोड येत. रंग म्हणजे पाणी अडवणारी भिंत, ही माझी समजूत तिथे गेली. कुठल्याही रंगातून थोडी वाफ, थोडं पाणी आत जातंच. खाली लोखंड स्वच्छ असेल आणि रंगाने ते घट्ट धरलेलं असेल, तर त्या पाण्याला पसरायला जागा मिळत नाही. टाक्यांच्या त्या रांगेत रंगाची टाकी एकच होती, बाकी सगळी तयारी.

गॅरेजात टाक्या नाहीत. तारेचा ब्रश आहे, ग्राइंडर आहे, डिटर्जंट आहे, दाबाचं पाणी आहे. म्हणून कारखान्यातली रीत जशीच्या तशी इथे आणता येत नाही, आणि आणू नये. दुसरी शाळा मला एका म्हाताऱ्या रंगाऱ्याकडे मिळाली. त्यांची हयात कसाऱ्याकडे रेल्वेचे पूल रंगवण्यात गेली होती. माझ्या शेडमध्ये सावलीला बसत, चहा घेत, आणि माझं काम बघून एकच वाक्य बोलत, ‘पोरा, कडा आधी.’ रंग ओला असताना कडेवरून मागे सरकतो, त्यामुळे सपाट भागावर जाड आणि धारेवर पातळ बसतो. गंजाची सुरुवात धारेवर, वेल्डच्या रेषेवर, बोल्टच्या डोक्याभोवती होते. म्हणून आधी ब्रशने फक्त कडा, वेल्ड, बोल्ट रंगवून घ्यायचे आणि मग सगळीकडे हात फिरवायचा. स्प्रे गन हातात आली की हे कोणाला करवत नाही, आणि मलाही कंटाळा येतो, पण करतो. त्यांच्या तरुणपणी पुलांना शेंदूर लागे, अळशीच्या तेलात कालवलेला. देवाला चढतो तोच जुना शिशाचा शेंदूर. गंज रोखण्यात त्याचा हात धरणारा रंग नव्हता. शिसं विषारी म्हणून तो मागे पडला. आज हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं रेड ऑक्साइड रंगाने तसंच दिसतं, पण ते लोखंडाचंच ऑक्साइड, म्हणजे गंजाचंच भावंड. दिसण्यावरून लोक त्याच्याकडून शेंदराची अपेक्षा करतात. वेल्डिंग झाल्यावर चार दिवस लोखंड झाकायला ते ठीक आहे. नुसतं रेड ऑक्साइड मारून पावसाळ्यात गाडी काढणं म्हणजे मनाचं समाधान.

माझ्या कामाला खरं वळण लागलं ते कोंबड्या वाहणाऱ्या एका पिकअपमुळे. मालकाने गाडी नवी घेतानाच खालून जाड रबरी अंडरकोट मारून घेतला होता आणि त्या गोष्टीचा त्याला अभिमान होता. गाडी एका बाजूला झुकते म्हणून तो आला. खालून बघितलं तर सगळं काळंकुळीत, एकसारखं, देखणं. पाट्याच्या मागच्या हँगरजवळ मी हातोडीने वाजवत गेलो. चांगलं चॅनेल खणखणतं. इथे भिजलेल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज आला. टोचा लावला, तो आत गेला. लेपाला एका ठिकाणी सुरीने चीर दिली आणि ओढला, तर तो अखंड निघाला. त्याच्या आतल्या बाजूला लोखंडाचे पापुद्रे चिकटून आले होते. मालक काही न बोलता खाली बसला. हँगरच्या बोल्टजवळ लेपाला बारीक भेग पडली होती. तिथून पाणी आत गेलं आणि बाहेर यायची वाट त्याला राहिली नाही. आतल्या आत वर्षानुवर्षं ओल. शिवाय गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतं, त्यामुळे जोडपट्ट्या आतून फाकत जातात आणि रिव्हेट ताणले जातात. चॅनेलचा तो भाग कापून नवी पट्टी बसवावी लागली.

तसे अंडरकोट मी नंतर दुकानात ठेवलेच नाहीत. रबरी असो की डांबरी, वस्तू म्हणून ते वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. चाकाच्या कमानीत, जिथे खडी सतत आपटते, तिथे जाड, लवचीक थर उपयोगी पडतो, आणि गाडीतला आवाजही कमी होतो. स्वच्छ केलेल्या नव्या पत्र्यावर, चांगल्या प्रायमरच्या वर बसला तर तो टिकतोही. पण नवी गाडी पावसात शोरूमपर्यंत चालवत आणायची आणि दोन तासांत तिच्या धुळीवर, ओलीवर तो फवारायचा, हे जिथे जिथे चालतं तिथे तो लेप पुढे गंजाला आडोसा होतो. निचऱ्याची भोकंही त्याने बुजतात. चेसिसच्या बॉक्स भागाला खालून जी भोकं असतात ती पाणी बाहेर पडायला असतात. लेप मारणाऱ्या पोराला ती राहून गेलेली जागा वाटते आणि तो मन लावून बुजवतो.

तेव्हापासून लेप निवडताना माझा एकच निकष आहे. तो हरायला लागला की मला दिसेल का, आणि दिसलं तर मुरबाडमध्ये, माझ्या शेडमध्ये, तो मला दुरुस्त करता येईल का? बाकी जाहिरातीतले गुण नंतर. म्हणून मी चेसिस काळी रंगवत नाही. दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर, झिंक फॉस्फेटवाला, आणि वर फिक्या करड्या रंगाचा पातळ हात. करड्यावर गंजाचा तांबडा ओघळ पहिल्याच पावसात दिसतो, काळ्यावर दिसतो तोवर उशीर झालेला असतो. इपॉक्सी उन्हात पांढुरका पडतो हे खरं, पण गाडीच्या पोटाला ऊन कुठून लागणार! गिऱ्हाइकांना करडा आवडत नाही. ‘मिस्त्री, गाडी जुनी वाटते, काळा मार ना’, हे प्रत्येक जण म्हणतो. दादा, खाली वाकून कोण बघणार आहे, असं विचारलं की हसतात आणि गप्प बसतात.

या रंगसंगतीचा दुसरा शत्रू म्हणजे पासिंग. धंद्याच्या गाडीला पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस काढावं लागतं. कल्याणला पासिंगला जायच्या आदल्या दिवशी गाडीला खालून चेसिस ब्लॅकचा हात मारायची जुनी चाल आहे. चिखलावर, ग्रीसवर, गंजावर, सरसकट. पंधरा दिवसांनी तो पापुद्र्यांनी सुटतो. अशा वार्षिक थरांची चेसिस खरवडताना झाडाच्या खोडावरची वर्षं मोजावीत तसं मोजता येतं, फक्त मधल्या प्रत्येक थराखाली मातीची एक पुडी सापडते. या घाईत आणखी एक गोष्ट होते. चेसिस नंबर ठोकलेला भागही रंगाखाली जातो. त्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्यावी लागते. जाड थर बसला की आकडे उमटत नाहीत आणि मग माणूस तो भाग पॉलिश पेपरने घासत बसतो, तेही जपून, कारण आकड्यांशी खेळ झाल्याचा संशय यायला नको. मी त्या जागेवर मास्किंग टेप लावतो आणि शेवटी तिथे नुसतं ग्रीस ठेवतो. पुसलं की आकडे लख्ख.

पावडर कोटिंगची हौस अलीकडची. कल्याण-डोंबिवलीकडची तरुण मुलं जुन्या जीप घेऊन येतात, शनिवार-रविवार सिद्धगड, नाणेघाटाच्या बाजूच्या वाटांवर चिखलात घालतात. त्यांना कंट्रोल आर्म लाल हवे असतात, शॅकल पिवळे. दिसतात झकास. पावडर विजेच्या भाराने चिकटते आणि १८० ते २०० अंशांवर वितळून साठ-ऐंशी मायक्रॉनचा कडक, गुळगुळीत थर होतो. खिडकीच्या ग्रिलला याहून चांगलं काही नाही. पण सस्पेन्शनच्या भागांवर खडी आपटते. टिकली उडाली की उघड्या लोखंडावरून गंज पावडरखाली सरकतो, आणि वरचा थर दिसायला शाबूत राहतो. घरी ब्रशने त्याची डागडुजी नीट जमत नाही. आतल्या कोपऱ्यांत पावडर पोचतही नाही. विजेचा भार बाहेरच्या कडांवर एकवटतो आणि खाचेत कण जायला तयार नसतात. शिवाय भट्टीत घालायच्या आधी रबरी बुश काढावे लागतात, आणि बुशच्या घराच्या आत, बोल्टच्या बसायच्या जागी पावडर बसली तर बोल्ट कसला तरी पुढे तो थर दबतो आणि बोल्ट ढिला पडतो. हे मी त्या मुलांना सांगतो. एकाने विचारलं, ‘काका, मग झिंकचा प्रायमर खाली दिला तर?’ प्रश्न शहाणा होता. ब्लास्टिंग करून, झिंक प्रायमरवर पावडर, असं करून घेतलेले त्याचे आर्म अजून ठीक आहेत. त्याच्या मित्राचे, नुसते पॉलिश पेपर मारून पावडर केलेले, दोन पावसाळ्यांत फुगले. दोघांचा रंग एकच होता.

जस्ताचा खरा मुलामा, म्हणजे साडेचारशे अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढणं, ही वेगळीच गोष्ट. किन्हवलीकडच्या एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा सांगाडा तसा करून घेतला. माझ्याकडे वेल्डिंग झालं, बाहेरच्या कारखान्यात बुडवून आलं. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजतं, म्हणून चरा पडला तरी आजूबाजूचं जस्त त्याला सांभाळून घेतं. साध्या रंगाला हे जमत नाही. मात्र वेल्डिंगच्या वेळीच प्रत्येक बंद पाइपाला हवा जायला भोकं ठेवावी लागतात. बंद पोकळीत पाणी किंवा हवा अडकून राहिली तर त्या उष्णतेत पाइप फुटू शकतो, आणि शेजारी माणसं उभी असतात. शेतकरी म्हणाला, भोकं कशाला, पाणी जाईल ना आत. जाऊ दे, म्हटलं, येईलही बाहेर. नंतर त्या ट्रॉलीला परत वेल्डिंग करायचं ठरलं तर त्या जागेचं जस्त आधी घासून काढायचं, नाहीतर धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. वेल्डर लोक त्यावर दूध पितात. दुधाने धूर फुफ्फुसात जायचा थांबत नाही, उघड्या जागेत काम करणं आणि चांगला मास्क लावणं हाच उपाय, पण दूध स्वस्त आणि मास्क गैरसोयीचा.

गाडीची आख्खी चेसिस असं बुडवायला मी कोणाला सांगत नाही. सगळी गाडी सुटी करावी लागते, लांब चॅनेल उष्णतेने वाकायची भीती असते. पाट्यांना आणि जास्त ताकदीच्या बोल्टना तर अजिबात नाही. जस्ताच्या आधी लोखंड आम्लात घालतात, त्यातून हायड्रोजन पोलादात शिरतो, आणि कडक पोलाद ठिसूळ होतं. असा बोल्ट गंजत नाही, एक दिवस न सांगता तुटतो.

पाट्यांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथे लोक सर्वांत जास्त रंग वाया घालवतात. पाटा वाकतो, सरळ होतो, एकावर एक घासतो. त्याचं कामच ते. दोन पाट्यांच्या मध्ये घातलेला रंग पहिल्या खेपेतच घासून निघतो आणि त्याची भुकटी उलट ओल धरते. पाटे खोलले की मी गंज काढतो, मध्ये ग्राफाइट ग्रीस भरतो आणि रंग फक्त बाहेरच्या कडांना लावतो, तोही पातळ. पाट्यावरच्या गंजाचा धोका जाडी कमी होण्यात नसतो. गंजाने जो खड्डा पडतो तिथून तडा सुरू होतो, आणि दरवेळी वाकताना तो केसाएवढा पुढे सरकतो. मोडलेल्या पाट्याचं तोंड बघा : एका बाजूला जुनी काळपट चंद्रकोर, बाकी भाग ताजा, चमकदार. काळपट भाग म्हणजे तडा किती दिवस वाढत होता त्याचा दाखला. काही जण रंग लवकर वाळावा किंवा जाम बोल्ट सुटावा म्हणून पाट्यावर गॅसची ज्योत फिरवतात. त्याने पोलादाचं पाणी उतरतं आणि पाटा बसतो. पावडरच्या भट्टीतल्या दोनशे अंशांनी तसं होत नाही, ज्योतीने काही क्षणांत होतं. शॉकअपच्या चकचकीत दांड्याला, बुशच्या रबराला, ब्रेकच्या ड्रमला, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला, सायलेन्सरला लेप लावू नये हे सांगायची गरज पडू नये. पडते.

जळक्या ऑइलवर माझा आणि जुन्या ड्रायव्हरांचा वाद कधी संपणार नाही. वॉशिंगवाला डिझेलमध्ये कालवून ते खालून फवारतो, आणि ड्रायव्हर म्हणतो, बघ, पाणी थांबत नाही. खरंच थांबत नाही, महिनाभर. मग धूळ बसून त्याचा काळा थर होतो. बुशचं रबर तेलाने फुगतं आणि मऊ पडतं, ब्रेकच्या पाइपांच्या रबरी नळ्या खराब होतात, आणि वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल, धातूचा चुरा, कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं असतात. ते धुऊन कुठे जातं? गॅरेजच्या मागच्या ओढ्यातून काळू नदीत. त्यांना तेलकट थर हवाच असेल तर मी मेणाचा किंवा लॅनोलिनचा फवारा सुचवतो. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं तेल. दिवाळीनंतर घाटावरून धनगर मेंढरं घेऊन आमच्या खाचरांत उतरतात, त्यांच्या घोंगडीवरून पाणी ओघळतं ते काही अंशी याच तेलामुळे. हा थर कधी वाळत नाही, म्हणून त्याला भेग पडत नाही. बॉक्स चेसिसच्या पोटात, जिथे ब्रश जात नाही, तिथे लांब नळीने आतून मेण फिरवणं हे मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं काम आहे, आणि ते बाहेरून दिसत नसल्यामुळे त्याचे पैसे द्यायला सर्वांत जास्त कुरकुर होते.

गंज पूर्ण काढता येत नाही तिथे मी टॅनिनवालं कन्व्हर्टर वापरतो. ते गंजाशी मिळून निळसर काळा थर करतं. हीच क्रिया आमच्या डोंगरातल्या लोकांना पिढ्यानपिढ्या माहीत होती. हिरड्यातही टॅनिनच असतं, आणि हिरडा व हिराकस एकत्र करून काळी शाई बनायची. त्याच डोंगरातून हिरडा गोळा करून आदिवासी बाया बाजारात आणतात आणि परदेशी नावाची बाटली मी कुरिअरने मागवतो, याची गंमत वाटते. पण कन्व्हर्टरला पातळ, चिकटून बसलेला गंज लागतो. स्वच्छ लोखंडावर त्याचा उपयोग नाही, आणि पापुद्रे सुटलेल्या जाड गंजावर तर तो वरच्यावर काळा होतो, खाली सगळं तसंच. ग्राइंडरला तारेचा कप लावला तरी सावध राहावं लागतं. जास्त दाबलं तर गंज निघायच्या ऐवजी चकचकीत होतो आणि पोरं ‘झालं स्वच्छ’ म्हणतात. ब्लास्टिंग सर्वांत बरं, पण कोरडी वाळू मारून नव्हे. त्या धुळीने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. पोलादी ग्रिट वापरणाऱ्या जागी काम थोडं महाग पडतं. मी तिथेच पाठवतो.

राहिला मुहूर्त. जूनपासून दसऱ्यापर्यंत मी चेसिस रंगवत नाही, कोणी कितीही घाई केली तरी. हवेतली ओल ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंग बसत नाही, आणि इथे ती त्या दिवसांत खाली येतच नाही. हिवाळ्यातही सकाळी नाही. पौषात पहाटे चेसिस गार पडते, हात लावला तर ओलसर लागते. लोखंड दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश गरम व्हायला हवं. माझ्याकडे त्याचं यंत्र नाही. ओल्या फडक्याचा एक पट्टा चॅनेलवर ओढतो. तो पाव तासात वाळला तर डबा फोडतो, नाहीतर आणखी एक चहा.

काम झाल्यावर गिऱ्हाईक गॅरंटी विचारतं. मी देत नाही. दसऱ्यानंतर गाडी रॅम्पवर घाला, दहा मिनिटं, फुकट बघतो, जिथे तांबडा ओघळ दिसेल तिथे हात मारून देतो, एवढंच सांगतो. पाचातले एक-दोन येतात. त्यांत शाळामास्तरांच्या गाड्या जास्त, त्या मुळात कमी फिरलेल्या. मासळीवाला एक जण न चुकता येतो, दर वेळी काळ्या रंगाची मागणी करतो आणि करडाच लावून घेऊन जातो. टँकरवाले येत नाहीत. उन्हाळ्यात त्यांना वेळ नसतो आणि पावसाळ्यात बिलं अडकलेली असतात. म्हणून त्यांच्यासाठी मी जानेवारीत फोन करायला सुरुवात करतो आणि फेब्रुवारीत एक रॅम्प मोकळा ठेवतो. पैसे जूननंतर.